दिसत नाही म्हणजे गेले असे नाही



या पानावर आपण दर महिन्याला घरातल्या कॉम्प्युटरची एखादी अडचण घेतो. या वेळची अडचण अशी, की पेनड्राइव्ह लावला आणि कॉम्प्युटरने तो ओळखलाच नाही. ज्यांच्या घरी जुन्या कॉम्प्युटरवर उबुंटू किंवा दुसरे लिनक्स आहे, त्यांच्यासाठी हा लेख मुख्यतः आहे. पण विंडोज वापरणाऱ्यांनीही वाचावा. का, ते पुढे कळेल.

मे महिन्याच्या सुट्टीतली गोष्ट. संध्याकाळी चहा ठेवत होते, तेवढ्यात शेजारच्या खाला आल्या. वय सत्तरीच्या पुढे. पदराची गाठ सोडून त्यांनी एक काळा पेनड्राइव्ह माझ्या हातावर ठेवला.

“बेटी, दुकानवाला म्हणतो हा फॉरमॅट करावा लागेल. फॉरमॅट म्हणजे काय गं?”

मी म्हटले, “खाला, फॉरमॅट म्हणजे आतलं सगळं पुसून नव्यानं सुरुवात.”

खाला मटकन खुर्चीवर बसल्या. “तरी मला वाटलंच. मी म्हटलं त्याला, राहू दे बाबा, आधी आमच्या टीचरला विचारते.”

त्या पेनड्राइव्हमध्ये काय होते ते सांगते. खालांचे शौहर, आमचे चाचा, कुवेतला नोकरीला होते. त्या काळी घरात फोन नव्हता आणि खालांना पत्र वाचता येत नसे. म्हणून चाचा कॅसेटमध्ये बोलून पाठवायचे. गावी येणाऱ्या कुणाच्या तरी सामानात ती कॅसेट यायची आणि सगळे घर टेपरेकॉर्डरभोवती बसायचे. 1990 मध्ये इराकने कुवेत घेतले, तेव्हा चाचा अम्मानमार्गे परत आले. पुढे काही वर्षांनी त्यांचा इंतकाल झाला. खालांचा नातू पुण्यात इंजिनीअरिंगला होता. 2019 च्या सुट्टीत त्याने टेपरेकॉर्डर कॉम्प्युटरला जोडून त्या कॅसेटमधला आवाज या पेनड्राइव्हवर उतरवून दिला. कॅसेट खालच्या माळीवर ट्रंकेत राहिल्या. आणि 22 जुलै 2021 ला चिपळुणात पाणी शिरले, ते तुम्हाला माहीत आहेच. ट्रंक चिखलातून निघाली. पेनड्राइव्ह तेवढा वरच्या मजल्यावरच्या कपाटात होता, म्हणून वाचला.

म्हणजे चाचांचा आवाज आता जगात फक्त त्या बोटभर वस्तूत होता, आणि दुकानातला मुलगा ती पुसायला निघाला होता. त्याचा हेतू वाईट नव्हता. त्याच्या कॉम्प्युटरने तसे लिहून दाखवले होते.

मी पेनड्राइव्ह आमच्या घरच्या उबुंटूच्या कॉम्प्युटरला लावला. काहीच नाही. ना खूण, ना आवाज. खालांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिले. मी म्हटले, “खाला, आधी चहा घ्या. हे एका दमात होणारं काम नाही.”

आता ते काम आपण पायरी पायरीने पाहू. वर्गात मी मुलांना सांगते, की गणित चुकले तर सगळे खोडू नका, कोणत्या ओळीत चुकले ते शोधा. इथेही तेच करायचे आहे. पेनड्राइव्ह लावल्यापासून आतली फाइल उघडेपर्यंत पाच दरवाजे असतात. पडद्यावर आपल्याला शेवटचाच दरवाजा दिसतो. म्हणून कोणताही दरवाजा बंद असला, तरी आपल्याला एकच वाटते, “दिसत नाही.”

एक सूचना आधी. लिनक्समध्ये काही आज्ञा टाइप कराव्या लागतात. इथे मी त्या अक्षरांच्या नावांनी देते. तुम्ही कीबोर्डवर तीच इंग्रजी अक्षरे दाबा, सगळी लहान लिपीतली, आणि शेवटी एंटर. आज्ञा लिहायची काळी खिडकी उबुंटूत कंट्रोल, ऑल्ट आणि टी ही तीन बटणे एकदम दाबली की उघडते. तिला टर्मिनल म्हणतात.

पहिला दरवाजा : वीज आणि जोड

पेनड्राइव्हच्या तोंडात डोकावून पाहा. चार सोनेरी पट्ट्या दिसतील. कडेच्या दोन विजेच्या, मधल्या दोन माहितीच्या. कडेच्या पट्ट्या किंचित लांब असतात, म्हणजे आधी वीज जोडली जाते आणि मग बोलणे सुरू होते. ज्यात तोंड निळे असते त्या यूएसबी 3 च्या पेनड्राइव्हला आणखी पाच टोके असतात. ही यूएसबीची पद्धत 1996 मध्ये आली. ती घडवणाऱ्या इंटेलच्या चमूत पुढे होते अजय भट्ट, जे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकले. प्रिंटरची वायर वेगळी, माउसची वेगळी, कीबोर्डची वेगळी, हा घोळ त्यांना संपवायचा होता.

आपल्या कोकणातल्या दमट हवेत या पट्ट्यांवर मळ आणि गंज बसतो. म्हणून पेनड्राइव्ह काढून कोरड्या, मऊ कापडाने पुसा. ओले कापड नको, पिन किंवा सुई घालून खरवडणे तर मुळीच नको. मग दुसऱ्या पोर्टमध्ये लावून पाहा. मोठा कॉम्प्युटर असेल तर पुढचे पोर्ट सोडा आणि मागचे वापरा. मागचे पोर्ट थेट मुख्य पाटीवर बसवलेले असतात. पुढचे एका बारीक वायरीने तिथवर आणलेले असतात आणि वापरून वापरून सैल होतात. मध्ये हब किंवा जोडवायर असेल तर तीही काढा. पेनड्राइव्हवर दिवा असेल तर तो लागतो का पाहा. दिवा लागला म्हणजे वीज पोहोचली, एवढेच ठरते. बोलणे सुरू झाले, असे ठरत नाही.

दुसरा दरवाजा : ओळख

आता टर्मिनल उघडून टाइप करा : एल, एस, यू, एस, बी. पाचही अक्षरे जोडून. कॉम्प्युटरला यूएसबीने जोडलेल्या सगळ्या वस्तूंची यादी येईल. त्यात माउस असेल, कीबोर्ड असेल, “रूट हब” असे शब्द असलेल्या ओळी असतील. रूट हब म्हणजे कॉम्प्युटरचे आपले पोर्ट, त्यांची काळजी करू नका.

ही यादी दोनदा काढा. एकदा पेनड्राइव्ह न लावता, एकदा लावून. एक ओळ वाढली तर ओळख झाली. वर्गात हजेरी घेताना नवे नाव ऐकू यावे तसे.

ओळ वाढली नाही, तर कॉम्प्युटरच्या मनात काय चालले आहे ते ऐकण्याची सोय लिनक्समध्ये आहे. मला लिनक्सची सर्वांत आवडणारी गोष्ट हीच. काय बिघडले ते ते लपवत नाही. टाइप करा : एस, यू, डी, ओ, मग स्पेस, मग डी, एम, ई, एस, जी, मग स्पेस, मग आडवी छोटी रेघ आणि तिला चिकटून डब्ल्यू. पासवर्ड विचारला जाईल. टाइप करताना पडद्यावर काही उमटणार नाही, घाबरू नका. अक्षरे जात असतात.

आता खिडकी उघडी ठेवून पेनड्राइव्ह लावा. लगेच नव्या ओळी येतील. त्या कर्नेलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या नोंदी. शाळेच्या फाटकावरच्या रखवालदाराची वही म्हणा. कोण आले, केव्हा आले, आत घेतले का, घेतले नाही तर का, सगळे त्यात. वही बंद करायला कंट्रोल आणि सी दाबा.

नोंदी अशा वाचायच्या :

“न्यू हाय-स्पीड यूएसबी डिव्हाइस” असे आले, तर वीज आणि जोड ठीक आहे.

“डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड” आणि पुढे “एरर उणे 71” आले, तर दोघांचे बोलणे तुटक होत आहे. बहुतेक वेळा पोर्ट, वायर किंवा मळलेल्या पट्ट्या याचे कारण असतात.

“एरर उणे 110” म्हणजे कॉम्प्युटरने विचारले आणि ठरल्या वेळात उत्तर आले नाही. इथेही आधी पोर्ट बदला.

“अनेबल टू एन्युमरेट” म्हणजे कॉम्प्युटरने प्रयत्न करून नाद सोडला. दोन-तीन पोर्टांवर आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवरही हेच आले, तर दोष पेनड्राइव्हमध्येच असण्याची शक्यता मोठी.

आणि काहीच ओळ आली नाही, तर विजेपर्यंतच गाडी अडली आहे. पहिल्या दरवाजाकडे परत जा.

खालांच्या पेनड्राइव्हला माझ्या पुढच्या पोर्टवर उणे 71 ची ओळ आली, एकदा नाही, चार वेळा. मी टेबल ओढले, मागे हात घातला, जाळी झटकली आणि मागच्या पोर्टमध्ये लावला. वहीत पटापट ओळी उतरल्या. खालांना त्यातले काही कळत नव्हते, पण माझा श्वास सुटलेला त्यांनी ऐकला.

“सापडला?”

“दारात आलाय, खाला. अजून आत यायचाय.”

तिसरा दरवाजा : डिस्क म्हणून जागा

ओळख पटल्यावर कॉम्प्युटर पेनड्राइव्हला डिस्क म्हणून एक नाव देतो. पाहण्यासाठी टाइप करा : एल, एस, बी, एल, के. जुन्या कॉम्प्युटरमध्ये आतली हार्डडिस्क बहुधा “एसडीए” असते आणि पेनड्राइव्ह “एसडीबी”. तिच्याखाली “एसडीबी1” असेल, तो तिचा पहिला भाग, म्हणजे पार्टिशन.

इथे मोठी धोक्याची सूचना. नव्या लॅपटॉपमध्ये आतली डिस्क वेगळ्या जातीची असते आणि तिचे नाव “एनव्हीएमई” ने सुरू होते. तिथे पेनड्राइव्हच “एसडीए” होऊ शकतो. म्हणून नावावर कधी जाऊ नका, आकार पाहा. 32 जीबीचा पेनड्राइव्ह 29 च्या आसपास दिसतो. कंपनी हजाराने मोजते आणि ही आज्ञा 1024 ने, म्हणून फरक पडतो. कुणी चोरलेले नसते. चुकीच्या नावावर पुसण्याची आज्ञा दिली, तर लिनक्स निमूटपणे पाळते. आणि मग घरचीच डिस्क जाते.

कधी कधी ओळख पटते पण आकारच येत नाही. उबुंटूतल्या “डिस्क्स” नावाच्या ॲपमध्ये तिथे “नो मीडिया” असे दिसते. पेनड्राइव्हच्या आत दोन मुख्य भाग असतात. एक बोलणारा, त्याला कंट्रोलर म्हणतात, आणि दुसरा माहिती साठवणारा. “नो मीडिया” म्हणजे बोलणारा जिवंत आहे, पण साठवणाऱ्यापर्यंत त्याचा हात पोहोचत नाही. अशा वेळी घरगुती उपाय संपले असे समजा. माहिती मोलाची असेल तर डेटा काढून देणाऱ्या जाणकाराकडे जा, आणि तोवर पुन्हा पुन्हा लावून पाहू नका.

खालांचा पेनड्राइव्ह एसडीबी म्हणून आला, आकार बरोबर, खाली एसडीबी1 हा भागही होता.

चौथा दरवाजा : भाषा

आता दुकानातला कॉम्प्युटर “फॉरमॅट करा” का म्हणत होता, ते पाहू.

पेनड्राइव्हवर माहिती एका ठराविक पद्धतीने मांडलेली असते. तिला फाइल सिस्टिम म्हणतात. मी तिला भाषा म्हणते. सर्वांना येणारी भाषा फॅट32. पण तिच्यात 4 जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही, म्हणून लग्नाचा लांबलचक व्हिडिओ तिच्यावर जात नाही. विंडोजची घरची भाषा एनटीएफएस. मोठ्या पेनड्राइव्हवर आणि मोबाइलच्या 64 जीबीच्या कार्डावर एक्सफॅट. आणि लिनक्सची घरची भाषा ईएक्सटी4.

भाषा पाहण्यासाठी मघाचीच आज्ञा : एल, एस, बी, एल, के, मग स्पेस, आडवी रेघ आणि तिला चिकटून एफ. प्रत्येक भागापुढे त्याची भाषा लिहून येते.

मी ती दिली. एसडीबी1 पुढे लिहिले होते, ईएक्सटी4.

मला हसूही आले आणि अंगावर काटाही आला. नातू हॉस्टेलमध्ये लिनक्स वापरत होता. त्याने पेनड्राइव्ह लिनक्सच्याच भाषेत तयार केला होता. विंडोजला मुळात ही भाषा येत नाही. आणि न समजणारी भाषा समोर आली, की विंडोज असे सांगत नाही, “मला हे वाचता येत नाही.” ते म्हणते, “ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल. करू का?”

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. समजा, मी एखाद्याला उर्दू पुस्तक दिले आणि त्याला ती लिपी येत नाही. तो म्हणेल, “बाई, मला हे वाचता येत नाही.” पुस्तक कोरे आहे, सगळी पाने पुसून देऊ का, असे तो म्हणणार नाही. पण कॉम्प्युटर म्हणतो. आणि आपण घाईत “होय” दाबतो.

म्हणून विंडोजवाल्या वाचकांनो, तुमच्यासाठी या लेखातली एकच ओळ : फॉरमॅटची खिडकी आली की “कॅन्सल” दाबा आणि आधी विचारा, हा पेनड्राइव्ह कुठे तयार झाला होता?

उलटही होते. लिनक्स जुने असेल तर त्याला एक्सफॅट येत नाही. मायक्रोसॉफ्टने एक्सफॅटची माहिती 2019 मध्ये खुली केली आणि त्यानंतर ती भाषा लिनक्सच्या गाभ्यात आली. उबुंटू 22.04 सारख्या आवृत्तीत वेगळे काही करावे लागत नाही. पण तुमच्याकडे अजून उबुंटू 18.04 असेल, तर 64 जीबीचा पेनड्राइव्ह लावल्यावर “अननोन फाइलसिस्टम टाइप” अशी तक्रार येईल. इंटरनेट जोडून “एक्सफॅट-फ्यूज” आणि “एक्सफॅट-युटिल्स” ही दोन पॅकेजे बसवा. पेनड्राइव्हमध्ये काही बिघाड नसतो.

आणि भाषेच्या जागी रकाना रिकामाच आला तर? मग मांडणीची सुरुवात बिघडलेली असू शकते. तेव्हा सर्वांत महत्त्वाचा नियम, त्या पेनड्राइव्हवर काहीही लिहू नका. एक फाइलसुद्धा नाही. आधी डीडीरेस्क्यू नावाच्या प्रोग्रामने त्याची जशीच्या तशी नक्कल हार्डडिस्कवर घेतात. मग टेस्टडिस्क हा प्रोग्राम हरवलेले पार्टिशन शोधतो. तो हरला तर फोटोरेक फाइलींच्या खुणांवरून फोटो आणि आवाज शोधून काढतो. नावे जातात, पण आतला माल बराच मिळतो. हे प्रोग्राम मोफत आहेत. पहिल्यांदा करत असाल तर जाणकाराला शेजारी बसवा.

पाचवा दरवाजा : परवानगी

भाषा कळली, की उबुंटू पेनड्राइव्ह आपल्या फोल्डरांच्या झाडाला जोडून देते. याला माउंट करणे म्हणतात. ते आपोआप झाले नाही, तर डिस्क्स ॲप उघडा, डावीकडे पेनड्राइव्ह निवडा, आणि त्याच्या भागाखालचे छोटे त्रिकोणी बटण दाबा. टेपरेकॉर्डरच्या प्लेच्या बटणासारखेच दिसते ते. हे मी खालांना दाखवले, तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या.

पेनड्राइव्ह उघडला. आत एकच फोल्डर, नाव “दादाजान”. आणि त्यावर कुलूप. उघडायला गेले तर “परवानगी नाही”.

इथे पुष्कळ लोक हात टेकतात. पण ही चांगली बातमी असते. कुलूप दिसते याचा अर्थ घर शाबूत आहे.

ईएक्सटी4 मध्ये प्रत्येक फाइलचा मालक नोंदलेला असतो. नावाने नाही, क्रमांकाने. उबुंटूत पहिल्या वापरणाऱ्याचा क्रमांक 1000, दुसऱ्याचा 1001. नातवाच्या कॉम्प्युटरवर त्याचा क्रमांक 1001 होता आणि फोल्डर फक्त मालकासाठी उघडे होते. माझ्या कॉम्प्युटरवर मी 1000. म्हणून मला आत प्रवेश नव्हता. फॅट32 आणि एक्सफॅटमध्ये मालकाची ही नोंदच नसते, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही.

अशा वेळी मूळ पेनड्राइव्हवरच्या परवानग्या बदलत बसू नका. सुडो, म्हणजे कॉम्प्युटरच्या व्यवस्थापकाचा अधिकार वापरून अख्खे फोल्डर आपल्या हार्डडिस्कवर उतरवून घ्या आणि त्या नकलेचा मालक आपल्या नावाने बदला. उतरवण्याची आज्ञा सी-पी, मालक बदलण्याची सी-एच-ओ-डब्ल्यू-एन. मूळ जसे आहे तसे राहते. चुकलो तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येते.

फोल्डर उतरले. आत नऊ फाइली होत्या. कॅसेट अकरा होत्या, असे खालांना पक्के आठवत होते. नातू आता सौदीत आहे. त्याला फोन लावला, तेव्हा तो म्हणाला, “दादीजान, दोन कॅसेटची फीत अडकत होती. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून तेव्हा बोललो नाही.” खाला थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “नऊ आहेत ना.”

पहिली फाइल लावली. आधी नुसती खरखर, मग चाचांचा सलाम, मग मागे कुणाच्या तरी भांड्यांचा आवाज. काही मोठे बोलणे नव्हते. पैसे कुणाच्या हाती पाठवलेत, मोठ्याचा ताप उतरला का, आणि पाऊस लागायच्या आधी घर शाकारून घ्या, गेल्या वर्षी मागच्या खोलीत गळत होते. खालांनी मान हलवली, जणू चाचा समोर बसले होते. म्हणाल्या, “घेतलं होतं शाकारून. ते मी पुढच्या कॅसेटमध्ये सांगितलं होतं.”

त्यांनी पाठवलेल्या कॅसेट कुवेतमध्येच राहिल्या.

आता शेवटचे काम, आणि ते तुम्हा सगळ्यांसाठी आहे. त्या रात्री मी त्या नऊ फाइलींच्या तीन नकला केल्या. एक खालांच्या मुलाच्या कॉम्प्युटरवर, एक नव्या पेनड्राइव्हवर, आणि एक इंटरनेटवरून नातवाकडे. नवा पेनड्राइव्ह मी एक्सफॅटमध्ये तयार केला, म्हणजे दुकानातला विंडोज कॉम्प्युटरही तो वाचेल. जुना काळा पेनड्राइव्ह खालांनी परत मागून घेतला. तो पुन्हा पदराच्या गाठीत गेला.

पेनड्राइव्ह ही कायम ठेवायची जागा नाही. ती वाहून न्यायची पिशवी आहे. एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर न्यावे आणि रिकामी करावी. घरातली एकुलती एक प्रत तिच्यात ठेवू नका. अब्बा-अम्मींचे फोटो असोत, मुलांचे दाखले असोत की जमिनीची स्कॅन केलेली कागदपत्रे असोत. किमान दोन ठिकाणी असू द्या, आणि त्यातले एक ठिकाण घराबाहेरचे. पुराने आम्हाला हे शिकवले आहे.

आणि काढताना घाई नको. लिनक्स वेग दाखवण्यासाठी माहिती आधी आपल्या स्मरणात घेते आणि पेनड्राइव्हवर मागाहून लिहिते. “कॉपी झाली” असे दिसले, तरी आत लिहिणे चालू असू शकते. म्हणून बाहेर काढण्याच्या बाणाची खूण दाबा आणि “आता काढू शकता” असा निरोप आल्यावरच हात लावा. टर्मिनलमध्ये असाल तर एस, वाय, एन, सी ही आज्ञा द्या आणि ओळ परत येईपर्यंत थांबा. निम्मे “बिघडलेले” पेनड्राइव्ह इथेच बिघडतात, असा माझ्या शाळेतला अनुभव आहे.

कापून फ्रिजवर लावण्यासाठी क्रम पुन्हा देते :

1. पट्ट्या कोरड्या कापडाने पुसा, मागच्या पोर्टमध्ये लावा, हब काढा.
2. एल-एस-यू-एस-बी ची यादी लावण्याआधी आणि लावल्यानंतर पाहा. कर्नेलची वही उघडून एरर वाचा.
3. एल-एस-बी-एल-के देऊन डिस्क आणि तिचा आकार पाहा. नावावर विसंबू नका.
4. भाषा कोणती ते पाहा. येत नसेल तर ती बसवा, पेनड्राइव्ह पुसू नका.
5. माउंट करा, कुलूप असेल तर नक्कल उतरवून घ्या.
6. या पाचांतले काय अडले हे कळेपर्यंत कुणालाही फॉरमॅट करू देऊ नका.

दुकानातल्या त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी भेटले. रागावले नाही. त्याला ईएक्सटी4 म्हणजे काय ते सांगितले. तो म्हणाला, “मॅडम, मला कुणी सांगितलंच नव्हतं. असे तीन-चार तरी मी पुसले असतील.” त्याने एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून काउंटरवर चिकटवले आहे : फॉरमॅट करण्याआधी विचारा, कुठे बनवला?

पुढच्या महिन्यात वाचकांनी विचारलेला प्रश्न घेऊ : मोबाइलमधले फोटो वायरीने लिनक्सच्या कॉम्प्युटरवर कसे उतरवायचे. तोवर घरातले जुने पेनड्राइव्ह एकदा लावून पाहा. चालतात तोवरच त्यांच्यातले उतरवून घ्या.

खुदा हाफिज.